पाणी कुठे मुरत होते

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, खिडकीशेजारी, माशांची एक पेटी आहे. गेल्या वर्षी जुलैच्या आरंभी ती मांडली. तळाशी वाळू पसरली, पाणी भरले, पाणवनस्पतीच्या चार काड्या रोवल्या आणि त्यानंतर सदतीस दिवस तीत एकही मासा सोडला नाही. सातवीच्या पोरांना हे सहन होईना. ही सारी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांची मुले. रोज मधल्या सुट्टीत पेटीभोवती घोळका जमे आणि तोच प्रश्न येई.

"सर, मासे कवा सोडायचे?"

"पाणी मुरल्यावर."

"पाणी मुरतंय व्हय सर कुठं? लोणचं मुरतंय!"

पोरे हसत आणि मीही हसत असे. मोठ्या माणसांच्या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरते आहे असे म्हटले, की आत काहीतरी लपले आहे असा त्याचा अर्थ होतो. माझ्या घरी तेहतीस वर्षांपूर्वी अशाच एका पेटीत पाणी मुरत होते, आणि ते नेमके कुठे मुरत होते हे कळायला मला माझे अर्धे आयुष्य खर्च करावे लागले. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेला चिकटलो. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. रसायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण या प्रश्नाचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो एखाद्या कादंबरीहून कमी वाटला नाही, म्हणून तो येथे सांगतो.

गोष्ट 1991 सालची. शाळेची सहल मुंबईला गेली होती. राणीची बाग झाली, गेट वे झाले आणि तिसऱ्या दिवशी आम्हांला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेले. एका पारशी दानशूराच्या देणगीचा आधार मिळून उभे राहिलेले हे मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले. आम्हां पोरांना त्यातले काही ठाऊक नव्हते. आम्ही एवढेच पाहिले की बाहेरच्या उन्हातून आत अंधार आहे, आणि त्या अंधारात भिंतीभिंतीतून पाण्याच्या उजेडी खिडक्या लावल्या आहेत. मासा मी पंचगंगेत पाहिला होता, बाजाराच्या पाटीत पाहिला होता. पण दोन्हीकडे तो वरून. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन, त्याच्या पातळीवर उभे राहून मासा मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. घरी आल्यावर आठ दिवस मी दुसरे काही बोललो नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, शिरोलीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा घालायचा, त्यात बिडाचा रस ओतायचा, हे त्यांचे काम. बोलणे कमी. एके रविवारी त्यांनी कुठूनसे अँगलचे तुकडे आणले, ओळखीच्या वेल्डरकडून चौकट जोडून घेतली, तिला लाल ऑक्साइडचे दोन हात दिले आणि पुट्टी भरून चारी बाजूंनी काचा बसवल्या. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पंधरा दिवस ती नुसतीच पाण्याने भरून ठेवली. रोज पाणी बदलले. "रंगाचा वास जाऊ दे," ते म्हणाले. मग एक दिवस मला सायकलवर पुढे बसवून कोल्हापुरात नेले आणि आठ मासे घेऊन दिले. दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार काळ्या मोली.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मी घाबरून सगळे पाणी ओतून दिले, वाळू सोड्याने धुतली आणि नळाचे ताजे पाणी भरले. पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळू लागले. मी पुन्हा सगळे धुतले. नवव्या दिवशी सकाळी सात मासे आडवे तरंगत होते आणि आठवा, एक मोली, कोपऱ्यात धापा टाकत होता. दुपारी तोही गेला.

आबा पाळीवरून आले. पेटीपुढे उकिडवे बसले. चौकटीच्या वरच्या कडेला, जिथे रंग पाण्याला लागत होता, तिथे बोट फिरवून म्हणाले, "रंगानंच मेलं असतील रं. माझंच चुकलं."

मी बारा वर्षांचा होतो. 'नाही आबा' असे म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. मला कोणीतरी दोषी हवे होते आणि त्यांनी स्वतःहून तो दोष घेतला होता. पेटी माळ्यावर गेली. पुढे आई तीत कांदे ठेवू लागली. आबा 2014 साली वारले. मधल्या तेवीस वर्षांत घरी कोणी पाहुणा आला, पोरांच्या हौसेचा विषय निघाला, की ते सहज बोलून जात, "ह्यानं मासं पाळलं हुतं एकदा. मीच मारलं."

माणसाने मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. आपल्याच परिसरावर राज्य केलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा जो संस्कृत ग्रंथ रचला, त्यात 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशाला काय चारावे, कसे गळाला लावावे, याचे त्यात वर्णन आहे. चीनमध्ये सोनेरी मासा शतकानुशतके हौदांत आणि मातीच्या कुंड्यांत पोसला गेला. पण हे सारे बघणे वरून. मासा बाजूने पाहायचा तर स्वस्त आणि मोठी काच हवी. ती इंग्लंडात मिळू लागली 1845 नंतर, कारण त्या वर्षी काचेवरचा सरकारी कर उठला.

काचेमागे जीव कसा टिकतो याचा पहिला धागा मात्र पाण्यात नव्हे, मातीत सापडला. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने 1829 साली एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचे काय व्हायचे ते होवो, त्या मातीतून नेच्याचे आणि गवताचे रोप उगवले आणि बंद बाटलीत तगून राहिले. वॉर्डने त्यावरून काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि 1842 साली त्यांवर पुस्तक लिहिले. चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात जहाजाने सुखरूप आली ती याच पेट्यांतून. त्याच सुमारास, 1832 मध्ये, सिसिली बेटावर जान विल्प्रो-पॉवर ही विदुषी समुद्रातले जीव काचेच्या पेट्यांत ठेवून त्यांचा अभ्यास करत होती.

आता या कथेतला मुख्य माणूस येतो. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. त्याने एका मोठ्या काचपात्रात वाळू, माती आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. काही दिवस ठीक गेले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवे शेवाळ धरले. माझ्यासारखा पोर असता तर त्याने सगळे ओतून दिले असते. वॉरिंग्टनने विचार केला की निसर्गाच्या डबक्यात ही घाण कोण साफ करते? त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, पाणी निवळले. मार्च 1850 मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्याचे म्हणणे असे: मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती जो प्राणवायू सोडते तो मासा घेतो, गोगलगाय कुजके खाते, असे हे तिघांचे बिऱ्हाड समतोल चालते.

या कल्पनेने लोक वेडे झाले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे घर उघडले. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचे पुस्तक निघाले आणि त्याबरोबर 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. दिवाणखान्यात पेटी नाही ते घर मागासलेले ठरू लागले. लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर गेले. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहून ठेवले आहे, की वडिलांच्या पुस्तकांनी जी हौस जागवली तिनेच ते खडकांमधले सुंदर डोह लुटले गेले आणि त्याचे दुःख वडिलांना फार झाले.

आणि पेट्यांतले मासे? ते मेले, हजारोंनी मेले. 1868 साली जे. जी. वुड या पाद्री लेखकाने नमूद केले, की ही हौस आली तशी ओसरली आणि दहांतल्या नऊ पेट्या टाकून दिल्या गेल्या. हे वाचले तेव्हा आमच्या माळ्यावरची कांद्यांची पेटी माझ्या डोळ्यांपुढे आली. वॉरिंग्टनचे सूत्र तर लोकांना पाठ होते. वनस्पती होती, गोगलगाय होती, मासा होता. मग पाणी मुरत कुठे होते?

या प्रश्नाचे उत्तर माशांच्या पेटीतून निघाले नाही. ते गटाराच्या पाण्यातून आणि शेताच्या मातीतून निघाले. श्लोझिंग आणि म्युन्त्स या दोन फ्रेंच संशोधकांनी 1877 साली वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सांडपाण्यात अमोनिया भरपूर. वीस दिवस काही घडले नाही. जो अमोनिया वरून जाई तोच खालून येई. विसाव्या दिवसानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे आपल्या सोऱ्यातले द्रव्य, दिसू लागले आणि पुढे अमोनिया नाहीसाच झाला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. बदल तत्काळ थांबला. म्हणजे हे काम नुसत्या रसायनाचे नव्हते. वाळूत कोणीतरी जिवंत होते. त्याला गुंगी आली की काम बंद. पुन्हा थोडी माती कालवलेले पाणी घातले, आणि काम सुरू.

इंग्लंडातल्या रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रात एका रसायनशास्त्रज्ञाने हा धागा पुढे नेला. हे काम एक नव्हे, दोन जातींचे सूक्ष्मजंतू पाळीपाळीने करतात, हे त्याने दाखवले. पहिली जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. 1890 मध्ये विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनिया पचवणारे जंतू वेगळे काढले आणि शंका उरली नाही. रॉथमस्टेडच्या त्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन.

नाव वाचून मी थबकलो. पहिला वॉरिंग्टन तर 1867 सालीच वारला होता. हा त्याचा मुलगा, वडिलांचेच नाव लावलेला, 1838 मध्ये जन्मलेला. वडिलांनी सोनेरी माशांचा प्रयोग सोसायटीपुढे मांडला तेव्हा हे पोर अकरा वर्षांचे होते. बापाची पेटी का जगली याचे अर्धे कारण बापाला कळले होते. उरलेले अर्धे मुलाने शोधले, तेही माशांसाठी नव्हे तर पिकांच्या खतासाठी. थोरल्या वॉरिंग्टनने तळाला वाळू, माती आणि दगड घातले होते. ती शोभा नव्हती. पाणी मुरत होते ते तिथे.

आता आमच्या पेटीत काय झाले ते सरळ सांगता येते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेला खाऊ कुजला की आणखी अमोनिया होतो. तो माशाला जहर आहे. त्याला पचवणारे जंतू वाळूवर, दगडावर, काचेवर आपोआप येतात; पण त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी चाळीस लिटर पाण्यात आठ मासे घातले आणि मूठभर खाऊ टाकला. त्यानंतर जी थोडीफार वस्ती बसू लागली असेल, ती दोनदा सोड्याने धुऊन काढली. वर नळाचे क्लोरीनचे पाणी घातले. रंगाचे विष असते तर पंधरा दिवस भिजवून झाल्यावर मासे नवव्या दिवसापर्यंत कशाला थांबले असते? तोंड वर काढून हवा गिळणे, पाणी दुधाळ होणे, आठवड्याच्या आसपास सगळे एकदम जाणे, ही सारी लक्षणे अमोनियाची. मासे आबांनी मारले नव्हते. मारले असतील तर माझ्या स्वच्छतेने.

याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. हे उत्तर आमच्या घरातच होते. माझे चुलते शेती करत. ओले शेण उसाला कधी घालू नये, पीक जळते, खड्ड्यात कुजवून मुरवून मग घालावे, हे ते उठता-बसता सांगत. जुन्या भिंतीच्या तळाशी जो पांढरा खार फुटतो, त्यातही याच जंतूंची करणी असते. आणि आबा? लेथचा बेड ओतला की तो लगेच मशीनवर चढवायचा नाही, आवारात ऊनपावसात महिनोन्‌महिने पडू द्यायचा, हे त्यांच्या धंद्यातले जुने शहाणपण. "बिडाला मुरू द्यावं लागतंय," ते म्हणत, "न्हाईतर मशीनवर गेलं की वाकडं हुतंय." शेण मुरते, बीड मुरते, लोणचे मुरते, पाणीही मुरावे लागते, एवढी एकच गोष्ट आमच्यापैकी कोणाला सुचली नाही.

ज्यांना पहिली पेटी मांडायची असेल त्यांना म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. पाणी एक दिवस उघडे ठेवून भरा. रोज चिमूटभर खाऊ रिकाम्या पेटीत टाका, म्हणजे जंतूंना अन्न मिळेल. कोणाची चालू पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू मागून आणा; विरजणासारखी ती कामाला येते. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब बाजारात मिळतात. दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. मग आधी तीनच मासे सोडा. दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. सगळे कधीही नाही, आणि वाळू कधीही सोड्याने धुऊ नका.

मासे कोणते, हाही प्रश्न आहे. ज्यांना विलायतेत 'उष्ण कटिबंधातले' म्हणून विजेने पाणी तापवून जपतात, त्यांतले कितीतरी आपलेच आहेत. निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा 1822 साली बुकॅनन-हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात प्रथम वर्णिला. दख्खनचे मासे 1839 मध्ये कर्नल साइक्सने जगापुढे मांडले, आणि गंमत अशी की लॅटिन नावे देताना त्याने इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून आपली शिंगटी आजही शास्त्रीय ग्रंथांत 'मिस्टस सींगटी' आहे. खास कोल्हापूरच्या माशांची यादी कळावर आणि केळकर यांनी 1956 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पंचगंगेच्या पुलावरून आज पाण्याकडे पाहावे आणि ती यादी आठवावी, म्हणजे न मुरलेले पाणी एखाद्या पेटीपुरते नसते, ते नदीचेही असू शकते, हे ध्यानात येते. नदीवर मेलेल्या माशांचा खच पोरांनी पाहिला आहे. सांडपाणी न पचवता सोडले की काय होते, ते मला आता फळ्यावर वेगळे शिकवावे लागत नाही.

शाळेच्या पेटीसाठी मी गप्पी मासे घेतले. हे मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आणले गेले. आरोग्य खात्याची माणसे डेंग्यूच्या दिवसांत ते फुकट देतात. पोरांना एक ताकीद मात्र रोज देतो, की पेटीतला मासा ओढ्यात, नदीत सोडायचा नाही. परका मासा एकदा शिरला की घरच्यांचे हाल होतात.

पेटी तीच आहे, माळ्यावरची. समोरची काच तडकली होती ती बदलली, कडा आतून नव्याने सिलिकॉनने बुजवल्या. चौकटीचा लाल रंग मात्र खरवडला नाही; वरच्या कडेला तो अजून पाण्याला लागतो. तेहतीस वर्षांनी त्यात काय विष उरणार, तेव्हा हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला कळते. तरी मी तो खरवडला नाही.

पोरांनी सदतीस दिवसांचा तक्ता भिंतीवर चिकटवला आहे. अमोनियाचा हिरवा रंग चढत गेला, मग उतरला. त्यामागून नायट्राइट चढले, तेही उतरले. अडतिसाव्या दिवशी तीन मासे सोडले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांना पिले झाली होती.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आईला शाळेत आणले. ती खुर्चीवर बसून बराच वेळ माशांकडे बघत राहिली. मग पदराने चौकटीची कड पुसली.

"ह्यो रंग त्योच न्हवं?"

"त्योच."

"मग त्येंच्या रंगानं न्हवतं मेलं?"

"न्हाई, आई. पाणी मुरलं नव्हतं. मी घाई केली."

ती काही बोलली नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरे दप्तरे घेऊन पळाली, तरी ती उठली नाही. शेवटी मीच म्हटले, "जाऊया?"

"जरा बस," ती म्हणाली. "त्येंनी केलेली हाय, जरा बघू दे."